घरी बांधलेलं विमान पहिल्यांदा उडवण्याआधी

विमान बांधून होतं, रंग लागतो, व्हीटीने सुरू होणारी नोंदणीची अक्षरं अंगावर येतात, आणि गावात भेटेल तो एकच विचारतो, "मग, कधी उडवताय?" त्याला तारीख सांगू नका. आधी खाली लिहिलेलं एकेक काम हातावेगळं करा. तारीख मागाहून ठरेल.

मी वायुसेनेत एअरफ्रेम फिटर होतो. मूळ गाव केज तालुक्यात. निवृत्तीनंतर वाळूजला वर्कशॉप टाकलं, आणि मराठवाड्यात कुठे कोणी विमान बांधायला घेतलं की तो कोणाच्या तरी ओळखीने माझ्यापर्यंत पोचतो. कोणी परदेशी किट जोडतो, कोणी नळ्या कापून स्वतःच्या डोक्याने आखतो. जालन्याच्या लोखंडावर आणि वाळूज-चिकलठाण्याच्या सुट्या भागांवर हात बसलेली ही पोरं आहेत. त्यांची वेल्डिंग बघून मन भरून येतं. काळजी वाटते ती त्या सकाळची, जेव्हा ते यंत्र पहिल्यांदा जमीन सोडणार असतं.

ऑगस्ट २०२१ मध्ये, आमच्या नांदेड-हिंगोलीला लागून असलेल्या यवतमाळ जिल्ह्यात २४ वर्षांचा एक मुलगा गेला. स्वतः बांधलेल्या हेलिकॉप्टरची जमिनीवरच चाचणी चालली होती. मागच्या पंख्याचं पातं तुटलं, ते वरच्या मोठ्या पंख्यावर आदळलं आणि त्याचा तडाखा मुलाच्या डोक्याला बसला. उडण्याची वेळसुद्धा आली नव्हती. ती बातमी वाचल्यापासून मी प्रत्येक मुलाला पहिल्या भेटीतच सांगतो की तुझ्या हातात कसब भरपूर आहे. तुला हवाय तो शेजारी उभा राहून "आज नाही" म्हणणारा माणूस. असा माणूस विमान पूर्ण होण्याआधी शोधा, आणि त्याचं ऐकायचं हे आधीच कबूल करा.

अमेरिकेत घरी बांधलेली विमानं हजारोंनी उडतात, त्यामुळे तिथे या अपघातांचा नीट अभ्यास झाला. एनटीएसबी या त्यांच्या अपघात-तपास संस्थेने २०१२ मध्ये अहवाल काढला. २०११ या एका वर्षात अशा विमानांचे २२४ अपघात झाले होते, त्यातले ५४ जीवघेणे. इंजिनाने दगा देणं आणि हवेत ताबा सुटणं ही दोन मोठी कारणं, आणि जीव जास्त गेले ते ताबा सुटून. यातले बरेच अपघात विमानाच्या अगदी सुरुवातीच्या उड्डाणांत झाले. अपघातातल्या पायलटांचा एकूण अनुभव कमी नव्हता. त्या जातीच्या विमानावरचा कमी होता. ही शेवटची गोष्ट ध्यानात ठेवा, कारण पुढचा मुद्दा त्याचाच आहे.

स्टिक कोणाच्या हातात

बहुतेकांना वाटतं की मी बांधलं, तर पहिल्यांदा मीच उडवणार. मी याच्या विरोधात आहे, आणि हे मी तोंडावर सांगतो. चार-पाच वर्षं माणूस शेडमध्ये रिव्हेट मारत असतो. पैसा आणि सुट्टी दोन्ही विमानात जातात, उडण्याचा सराव सुटतो. हात गंजतात. त्याहून मोठी अडचण मनाची आहे. इंजिन बंद पडलं तर परका पायलट स्वतःचा जीव वाचवतो आणि विमान हरभऱ्याच्या वावरात टाकतो. बांधणारा विमान वाचवायला बघतो. तो धावपट्टीकडे वळतो, आणि त्या वळणात दोन्ही जातात.

म्हणून पहिल्या उड्डाणासाठी असा पायलट बघा ज्याच्याकडे वैध परवाना आहे, गेल्या काही आठवड्यांत ज्याने नियमित उड्डाण केलंय आणि तुमच्यासारख्याच वजनाच्या, तुमच्यासारखीच चाकं आणि तशीच स्टिक (विमान वळवायचा हातातला दांडा) असलेल्या विमानावर ज्याचा हात बसलाय. एअरलाइनचा कॅप्टन चालेलच असं समजू नका. पाचशे किलोच्या आतल्या विमानाचा स्वभाव वेगळा असतो. तुम्हालाच उडवायचं असेल तर आधी तशा विमानावर प्रशिक्षकासोबत तास भरा, मग माझ्याकडे या.

कागदाचं थोडक्यात सांगतो. डीजीसीएची (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची) नोंदणी आणि उड्डाणाची लेखी परवानगी हातात आल्याशिवाय चाक जमिनीवरून सुटता कामा नये. मुंबईत इमारतीच्या गच्चीवर विमान बांधणाऱ्या अमोल यादव यांना २०१७ मध्ये नोंदणी मिळाली आणि उड्डाणाची परवानगी मिळेपर्यंत २०१९ उजाडलं. वाट बघणं जिवावर येतं, मान्य आहे. म्हणून कोणी शेतातल्या रस्त्यावरून गुपचूप उडवायला जाऊ नये. समृद्धी महामार्ग कितीही सरळ दिसला तरी तो तुमच्यासाठी धावपट्टी नाही. लातूर, नांदेड, धाराशिव, जिथे धावपट्टी आहे तिथल्या चालकाची आणि हवाई नियंत्रणाची परवानगी काढा.

परक्या डोळ्यांची तपासणी

ज्याने नट बसवला त्याला तो सैल दिसत नाही. डोळा तिथून सवयीने पुढे सरकतो. वायुसेनेत एकाने काम केलं की दुसरा तपासून सही करतो, आणि फळीवर प्रत्येक पान्याची आकृती रंगवलेली असते. संध्याकाळी एक आकृती रिकामी दिसली तर तो पाना सापडेपर्यंत विमान उडत नाही. तुमच्या शेडमध्ये हीच पद्धत लावा. पहिल्या उड्डाणाच्या आधी विमानाच्या अंगावरची सगळी झाकणं उघडा, शेपटी उचलून हलवा, आवाज ऐका, व्हॅक्यूम फिरवा. परभणीच्या एका मुलाच्या विमानात सीटखालून ड्रिलचं तुटकं बिट निघालं, एलिव्हेटरच्या, म्हणजे नाक वर-खाली करणाऱ्या शेपटीवरच्या फळीच्या, दांड्यापासून चार बोटं अंतरावर. तो मुलगा कामात अत्यंत नेटका, तरीही निघालं.

कंट्रोलची दिशा तपासताना मी कधीच घाई करू देत नाही. उलट्या जोडलेल्या केबलांनी जगभरात माणसं मेलीत, आणि उलटी जोडणी जमिनीवर सहज लक्षात येत नाही, कारण सगळं अगदी मोकळं हलतं. स्टिक मुठीत धरा, अंगठा वर ठेवा. स्टिक डावीकडे नेली की अंगठा डावीकडे झुकतो, आणि ज्या बाजूला अंगठा झुकला त्या बाजूचं एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेची हलती फळी) वर गेलं पाहिजे. स्टिक पोटाकडे ओढली की एलिव्हेटर वर. उजवा पाय दाबला की रडर (शेपटीची उभी हलती फळी) उजवीकडे. एकाने आत बसून हलवायचं, दुसऱ्याने बाहेर उभं राहून मोठ्याने बोलायचं: "डावं वर, उजवं खाली." ट्रिमचंही, म्हणजे स्टिकवरचा जोर हलका करणाऱ्या सोयीचंही, तसंच बघा; नाक वर करायला ट्रिम फिरवला की एलिव्हेटरवरची छोटी पट्टी खाली गेली पाहिजे. मग पट्टे बांधून, बूट-जॅकेट घालून, पूर्ण टोकापर्यंत पुन्हा हलवून बघा. मांडी अडते, बुटाची टाच अडते, हेडफोनची वायर गुंतते.

टर्नबकलच्या (केबल ताणायच्या आट्यांच्या तुकड्याच्या) बाहेर तीनपेक्षा जास्त आटे दिसले तर केबल परत ताणा. जो बोल्ट फिरतो, तिथे नायलॉनचा लॉकनट चालत नाही. खाचांचा नट आणि स्प्लिट पिनच लागते. प्रत्येक घट्ट केलेल्या नटावर रंगाची आडवी रेघ ओढा, म्हणजे तो हलला तर रेघ तुटलेली दिसेल. रंगकामाबद्दलही एक सांगून ठेवतो: कंट्रोलच्या पृष्ठभागांचा तोल रंग दिल्यानंतर पुन्हा बघावा लागतो. मागच्या कडेला रंगाचे दोन जादा थर बसले की वेगात फडफड सुरू होऊ शकते, आणि ती फडफड काही सेकंदांत शेपटी तोडते.

वजन आणि तोल

बैलगाडीत मागे ओझं जास्त झालं की गाडी उलार होते, हे आपल्याकडे लहान पोरालाही माहीत असतं. विमान उलार झालं तर नाक वर-वर जातं, स्टॉल होतो, म्हणजे पंख विमानाला उचलून धरायचं सोडतात, आणि स्टिक पुढे दाबूनही नाक खाली येत नाही. पहिल्या उड्डाणात तोल ठरवलेल्या हद्दीच्या पुढच्या अर्ध्यात ठेवा.

मोजायला महागडं काही लागत नाही. मोंढ्यातल्या आडत्याकडून तीन इलेक्ट्रॉनिक काटे आणा आणि शिक्क्याच्या वजनांनी आधी ते काटे तपासा. दारं बंद करा, वारा लागू देऊ नका, विमान स्पिरिट लेव्हलने सपाट करा. समजा, नाकाच्या चाकाखाली ७० किलो आणि मागच्या दोन चाकांखाली ११०-११० किलो आले. एकूण २९०. नाकाच्या चाकापासून मागची चाकं १.४५ मीटरवर असतील तर २२० गुणिले १.४५, भागिले २९०, म्हणजे रिकाम्या विमानाचा गुरुत्वमध्य नाकाच्या चाकामागे १.१० मीटरवर. आता ७५ किलोचा पायलट १.२० मीटरवर बसला की तो सुमारे १.१२ वर सरकतो. पेट्रोलसाठीही हेच गणित करा, टाकी भरलेली आणि टाकी संपत आलेली, दोन्ही वेळचं. बांधणीच्या नकाशातले आकडे वापरू नका. बांधलेल्या विमानाचंच वजन करा. रंग, पुट्टी आणि हौसेने बसवलेली गादी नकाशात नसते.

पेट्रोल

इंजिन बंद पडण्याची बरीच कारणं इंजिनाच्या बाहेर असतात: टाकी, नळी, फिल्टर, हवेचं छिद्र. त्यामुळे मी इथे सगळ्यात जास्त वेळ घालवतो.

पहिलं म्हणजे पुरवठा मोजा. रोटॅक्स ९१२ यूएलएस हे शंभर अश्वशक्तीचं इंजिन टेकऑफच्या ताकदीवर तासाला सुमारे २७ लिटर पितं. पेट्रोल नुसतं उताराने येत असेल तर नळीतून त्याच्या दीडपट वाहिलं पाहिजे, म्हणजे मिनिटाला पावणेसातशे मिली. पंप असेल तर सव्वापट, म्हणजे मिनिटाला साडेपाचशेच्या जरा वर. ही मोजणी विमान सपाट ठेवून करू नका. चढताना नाक जेवढं वर असेल तेवढं वर करा. शेपटीचा भाग खाली घ्या किंवा मागच्या चाकांसाठी खड्डे खणा. टाकीत थोडंच पेट्रोल ठेवा. कार्बोरेटरजवळ नळी सोडा, मापाच्या भांड्यात धार धरा, घड्याळ लावा. धातूचं भांडं विमानाला वायरने जोडा, नाहीतर साठलेल्या विजेची ठिणगी पडते. शेडच्या आत हे करू नका, आणि विडी ओढणारा कोणी असेल तर त्याला त्या दिवशी घरी बसवा.

दुसरी गोष्ट इथेनॉलची. आमच्या भागातल्या साखर कारखान्यांना आणि ऊस उत्पादकांना इथेनॉलने आधार दिला, ते चांगलंच झालं. पण रोटॅक्स ९१२ ला कंपनी जास्तीत जास्त १० टक्के इथेनॉलची परवानगी देते आणि आपल्या पंपावर आता २० टक्क्यांचं पेट्रोल आहे. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, टाकीच्या आतला लेप आणि रबरी नळ्या खराब करतं, आणि तापलेल्या नळीत पेट्रोलची वाफ लवकर धरते. वाफ धरली की पुरवठा तुटतो, आणि तो टेकऑफला तुटतो कारण तेव्हाच सगळं सर्वात तापलेलं असतं. एव्हगॅस, म्हणजे विमानांसाठीचं पेट्रोल, मागवा. महाग पडतं, आणायला त्रास होतो, तरी तेच मागवा. कोणी "बिनइथेनॉलचं आहे" म्हणून कॅन दिला तर तपासा: मापाच्या काचेच्या नळीत दहा मिली पाणी, वर शंभरच्या खुणेपर्यंत पेट्रोल, तोंड दाबून हलवा आणि थांबा. पाण्याचा थर दहावरच बसला तर ठीक. वर चढला तर तेवढं इथेनॉल पाण्यात उतरलं.

तिसरी गोष्ट अगदी लहान. कुंभारमाशी. शेडमध्ये उभ्या विमानाच्या टाकीचं हवेचं छिद्र आणि वेग मोजणारी पिटो नळी, दोन्ही तिच्या मातीच्या घराला नेमक्या मापाची असतात. छिद्र बुजलं की टाकीत पोकळी धरते आणि पेट्रोल थांबतं. नळी बुजली की वेगाचा काटा खोटं बोलतो. दोन्हींवर लाल फीत लावलेलं झाकण ठेवा आणि उडण्याआधी ते काढल्याचं दोघांनी बघा.

इंजिन चालवताना

पंखा फिरायच्या आधी जमिनीवर फक्कीने रेघ मारा. पंखा ज्या पातळीत फिरतो ती पातळी दोन्ही बाजूंना लांबवर मोकळी असली पाहिजे, कारण तुटलेलं पातं त्याच दिशेने जातं. पोरं हौसेने नेमकी तिथेच मोबाइल घेऊन उभी राहतात. रेघेच्या आत कोणीही नाही, बापसुद्धा नाही. शेपटी जमिनीतल्या खुंटीला बांधा, चाकांना ठोकळे लावा, आत माहीतगार माणूस बसलेला असू द्या.

रोटॅक्सचं तेल ५० अंशांच्या वर गेल्याशिवाय पूर्ण ताकद देऊ नका. चालताना ९० ते ११० अंशांत आणि तेलाचा दाब २ ते ५ बारमध्ये असावा. दोन्ही इग्निशन (ठिणगी देणाऱ्या यंत्रणा) वेगवेगळी बंद करून बघा. मग नाक वर केलेल्या अवस्थेत पूर्ण ताकदीवर चालवा, थांबवा, गार होऊ द्या, फिल्टर उघडा. पहिल्या फिल्टरमध्ये फायबरची भुकटी नाहीतर रबराचे कण बहुतेक वेळा सापडतात. फिल्टर स्वच्छ निघेपर्यंत हे पुन्हा पुन्हा करा. मोटारीचं किंवा मोटरसायकलचं इंजिन बसवलं असेल तर माझा आग्रह दुप्पट असतो. त्यातला पट्टा, गिअर आणि विजेवर चालणारा संगणक या तिन्ही गोष्टी विमानाच्या कामात अजून सिद्ध व्हायच्या असतात.

ऊन

संभाजीनगरचं चिकलठाणा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे १९०० फुटांवर आहे. त्या उंचीला प्रमाण तापमान ११ अंश धरतात, आणि वरच्या प्रत्येक अंशाला सुमारे १२० फूट उंची वाढल्यासारखी हवा विरळ होते. मे महिन्यात ४० अंश असताना हिशेब ५४०० फुटांच्या आसपास जातो. कळसूबाईचं शिखर तेवढंच उंच आहे. म्हणजे तुमचं इंजिन संभाजीनगरात उभं राहून कळसूबाईच्या माथ्यावरची हवा ओढतं. ताकद पंधरा टक्क्यांच्या आसपास घटते, पळ लांबतो, चढ मंदावतो. डिसेंबरच्या पहाटे १२ अंशांना हाच आकडा २००० फूट येतो.

म्हणून पहिलं उड्डाण डिसेंबर ते फेब्रुवारी, दिवस उजाडल्यावर लगेच, वारा जवळजवळ नसताना. एप्रिल-मेमध्ये दहा वाजताच वावटळी उठतात आणि हलकं विमान त्या सहज उलटवतात. पावसाळ्यात काळ्या रानात उतरावं लागलं तर चाक रुततं आणि विमान पालथं होतं. १५ ऑगस्ट आणि १७ सप्टेंबर या दोन तारखा म्हणूनच मी नाकारतो. मुक्तिसंग्राम दिनाला उडवायची इच्छा मला समजते. माझ्याही घरात त्या लढ्याच्या आठवणी आहेत. पण त्या दिवशी ढग, चिखल आणि गर्दी असते, वर पाहुण्यांना दिलेला शब्द असतो. पाहुणे येऊन बसले की "आज नाही" म्हणणं फार जड जातं.

धावपट्टीच्या पलीकडचं शिवार

टेकऑफनंतर शंभर-दोनशे फुटांवर इंजिन बंद पडलं तर समोर जे असेल तिथेच उतरायचं, डावी-उजवीकडे थोडंच वळून. मागे वळायचं नाही. पंचेचाळीस अंशांच्या वळणात स्टॉलची गती एकोणीस टक्क्यांनी वाढते, साठ अंशांत एक्केचाळीस टक्क्यांनी. सरळ जाताना ४२ नॉटला (नॉट हे वेगाचं माप) स्टॉल होणारं विमान पंचेचाळीस अंशांत ५० लाच होतं. शिवाय निम्मा फेरा घेऊन भागत नाही, धावपट्टीच्या रेषेत यायला त्याहून जास्त वळावं लागतं. तेवढी उंची नसते. किती फुटांखाली वळायचं नाही हा आकडा आदल्या दिवशी ठरवून कार्डावर लिहा. पहिल्या उड्डाणाला मी हजाराखाली वळू देत नाही.

मग समोर काय आहे हे पायी जाऊन बघायला हवं. गुगलच्या चित्रावर विसंबू नका, ते चित्र वेगळ्या हंगामातलं असतं. मी पायलटला घेऊन धावपट्टीच्या दोन्ही टोकांपलीकडे चालत जातो. एकदा धाराशिवकडे असंच एका मोकळ्या वावरावर बोट ठेवून आम्ही बोलत होतो, तेवढ्यात बांधावरचे आजोबा म्हणाले, "तिकडं सरळ जाऊ नका साहेब, त्या बाभळीखाली हीर हाय. कठडा कवाच पडलाय तिचा." वरून ती विहीर दिसली नसती; बाभळीची सावलीच दिसली असती. त्या आजोबांनी मग शेततळं, बोअरचं उघडं पाइप आणि नवी टाकलेली विजेची तार, सगळं हिंडून दाखवलं. शेतकऱ्याला विचारा, त्याची परवानगी घ्या, कुठल्या दिवशी सकाळी त्याने बैल तिथे बांधू नयेत तेही सांगा.

डिसेंबर-जानेवारीत हरभऱ्याचं वावर सगळ्यात बरं, पीक गुडघ्याच्या खाली असतं. कापसाच्या वाळलेल्या पऱ्हाट्या आणि उभी तूर टाळा. उसात उतरायची वेळ आलीच तर उसाचा शेंडा हीच जमीन समजून तिथे हळूहळू वेग संपवा. नांगराच्या तासांच्या दिशेने उतरा, आडवं नको, आणि बांध ओलांडावा लागणार नाही असं बघा. तार दिसत नाही, खांब दिसतो. ओलांडायचीच असेल तर खांबावरून ओलांडा. टेकण्याआधी पेट्रोल बंद, वीज बंद, दार किलकिलं.

जमिनीवर चार माणसं पुरेत: एक रेडिओवर, एक आगीचं नळकांडं घेऊन, दोन गाडीसोबत. चौघांनाही पट्टा कसा सुटतो, छत बाहेरून कसं उघडतं आणि पेट्रोलची चावी कुठे आहे हे डोळे मिटून सांगता आलं पाहिजे. विमानाला रॉकेटवर उडणारं पॅराशूट बसवलं असेल तर त्याच्या समोर कोणी उभं राहू नये आणि पिन कुठे लावायची हे सगळ्यांना ठाऊक असावं. १०८ ला आदल्या दिवशी कळवा, घाटीपर्यंत (संभाजीनगरच्या सरकारी रुग्णालयापर्यंत) किंवा जवळच्या जिल्हा रुग्णालयापर्यंत रस्ता धरून बघा. पायलटच्या अंगावर सुती कपडे, हेल्मेट, हातमोजे. नायलॉनचा एकही धागा नको.

चाकांवर

आधी विमान जमिनीवरच चालवा, माणूस चालतो त्या वेगाने, मग पळतो त्या वेगाने. ब्रेक एका बाजूला ओढतात का, नाकाचं चाक थरथरतं का, इंजिन किती तापतं. नंतर वेग अंदाजे स्टॉलच्या ८० टक्क्यांपर्यंतच न्यायचा. या वेगवान पळण्यात बरीच विमानं मनात नसताना उचलली जातात, आणि मग समोर धावपट्टी उरत नाही. म्हणून अशी प्रत्येक धाव पूर्ण तयारीने करा: पट्टे, हेल्मेट, माणसं जागेवर, पायलट तोच. "थोडं उचलून खाली टेकवून बघतो" हे मी चालू देत नाही. विमान उडायला तयार असेल तर उडवा, नसेल तर शेडमध्ये न्या.

ती सकाळ

नारळ आदल्या संध्याकाळी फोडा. पूजा मनापासून करा, पण हार पंख्याला घालू नका, आणि फुलं, करवंट्यांचे तुकडे, अगरबत्तीच्या काड्या झाडून घ्या. पंखा त्या उचलून शेपटीवर मारतो. गर्दी नको. चित्रीकरण करायचं तर एकाने, दुरून.

धावपट्टीच्या निम्म्यावर एक झेंडा रोवा. झेंड्यापाशी येईपर्यंत उचलायच्या वेगाच्या ७० टक्के वेग आला नसेल, इंजिनाचे फेरे पूर्ण नसतील, किंवा काहीतरी बरोबर वाटत नसेल, तर थ्रॉटल बंद. कारण नंतर शोधू. उचललं तर सरळ चढा, हजार फुटांपर्यंत ताकद आणि फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेच्या, खाली झुकवता येणाऱ्या फळ्या) यांना हात लावू नका. दार उघडलं तर उघडं राहू द्या, आधी विमान सांभाळा. पुढे विमानतळाच्या वरच गोल फिरत तीन हजार फुटांवर जा. इंजिन कुठल्याही क्षणी बंद पडलं तरी तरंगत धावपट्टीवर येता आलं पाहिजे. रेडिओवर खालून एकच माणूस बोलेल, तेही विचारलं तर.

तीन हजारांवर उतरण्याचा सराव करा. फ्लॅप लावून पाच-पाच नॉटने वेग कमी करत जा. पंख थरथरले किंवा स्टिक ढिली वाटली की आकडा बघा आणि नाक खाली. पूर्ण स्टॉल आज नको. काटा ४२ दाखवत असेल तर त्याच्या एक-तृतीयांशाच्या जरा कमी मिळवा, ५५. उतरताना तोच धरा. नकाशातला आकडा सोडा, तुमच्या काट्याचा आकडाच उपयोगाचा. जोराचं वळण नको, वेग वाढवून बघणं नको. वीस-पंचवीस मिनिटांत खाली या.

उतरल्यावर लोक खांद्यावर घ्यायला धावतील. पंखा पूर्ण थांबेपर्यंत गाडीवाल्या दोघांनी त्यांना रेघेबाहेर धरावं. मग काउलिंग, म्हणजे इंजिनावरचं झाकण, उघडा, विमान गरम असतानाच तेलाचे, पेट्रोलचे थेंब बघा, एक्झॉस्टच्या जोडांवर तडा बघा, नटांवरच्या रंगीत रेघा बघा. पायलट गाडीत बसायच्या आधी त्याच्याकडून सगळं लिहून घ्या. चहानंतर अर्धं विसरतं. दुसरं उड्डाण त्याच दिवशी करू नका.

अमेरिकेत प्रमाणित इंजिन-पंख्याच्या जोडीला २५ तास आणि बाकीच्यांना ४० तास असं चाचणीत उडवायची पद्धत आहे. तुमच्या परवानगीपत्रात जे लिहिलं असेल ते पाळाच, पण मोटारीचं इंजिन असेल तर मी ४० च्या खाली येत नाही. तेवढे तास दुसरी सीट रिकामी ठेवा, आणि त्या सीटचा पट्टा स्टिकमध्ये अडकणार नाही असा घट्ट बांधून टाका.